नरक्याची साल उकळून पाजू नका, आणि झाड मुळासकट कुणाला देऊ नका

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावातून एका तरुणानं विचारलं आहे. थोडक्यात असं: "आमच्या थोरल्या काकांना आतड्याचा कॅन्सर निघालाय, बेळगावात केमो सुरू आहे. गावातले एक जाणकार म्हणतात, तुमच्या वरच्या रानात नरक्या आहे, कॅन्सरचं औषध त्याचंच करतात, साल उकळून द्या म्हणजे केमोची गरज पडणार नाही. दुसरीकडे एक व्यापारी तीच झाडं मुळासकट मागतोय. हे झाड खरंच एवढं गुणाचं आहे का? काढा द्यावा का? आणि विकण्यापेक्षा ते लावता येईल का?"

काकांचं आधी. काढा देऊ नका. एखादा कप आधीच दिला असेल तर लपवू नका. पुढच्या केमोच्या आत डॉक्टरांना सांगा, कधीपासून दिला, किती दिला, कशाचा दिला. ते रागावतील, रागावू द्या. उद्या रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी खाली आलेल्या दिसल्या तर त्या कशानं आल्या हे त्यांना कळायला हवं.

मी डॉक्टर नव्हे. जांबोटीच्या बाजूला माझी रोपवाटिका आहे. गेली तीसेक वर्षं रानातल्या औषधी झाडांचं बी गोळा करायचं, रोपं करायची आणि कॉलेजची पोरं, वनखात्याची माणसं येतील त्यांना झाडं दाखवत कणकुंबीपासून हेमाडग्यापर्यंत हिंडायचं, हेच काम. त्याआधी वावडिंग, शिकेकाई, हिरडा असला माल गोळा करून पेठेत घालत होतो. त्यामुळे नरक्या मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. तोडणाऱ्याच्या आणि लावणाऱ्याच्या.

तुमच्या गावच्या जाणकारांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि घात होतो तो त्या अर्ध्यामुळेच. नरक्याच्या खोडात, सालीत, मुळात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. हे पहिल्यांदा सापडलं ते आपल्या झाडात नव्हे, चीनमधल्या एका वेगळ्याच झाडात, १९६६ साली, अमेरिकेत. शोधणारे दोघे, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकून पुढं अमेरिकेला गेलेले. घाटातल्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो. त्यानंतर १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात असल्याचं दाखवलं, आणि चीनच्या झाडाच्या तोडीला तोड. तिथून या झाडाचे दिवस फिरले.

हे द्रव्य करतं काय, ते कासऱ्यावरून सांगतो. आपल्या पेशीतला डीएनए म्हणजे दोन पेडांचा कासरा. एका पेशीच्या दोन व्हायच्या असल्या की तो उलगडावा लागतो, आणि उलगडताना पुढं पीळ चढत जातो. तो पीळ उतरवायला पेशीत एक एंझाइम असतं. ते एक पेड कापतं, पीळ सुटू देतं, पेड परत जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या जागी जाऊन अडकतं. पेड जोडला जात नाही. नक्कल करत आलेली यंत्रणा त्या जागी येऊन आदळते, कासरा पुरताच तुटतो आणि पेशी मरते. ही गोष्ट १९८५ च्या सुमारास उलगडली. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढत असतात म्हणून मार त्यांना जास्त बसतो. पण भराभर वाढणाऱ्या पेशी निरोगी माणसातही असतात. हाडाच्या मगजात रक्त तयार होतं तिथं, आतड्याच्या अस्तरात, केसांच्या मुळाशी. द्रव्याला आपलं-परकं कळत नाही.

म्हणून तर १९७० च्या आसपास हेच द्रव्य जवळजवळ जसंच्या तसं माणसांना देऊन पाहिलं तेव्हा ते थांबवावं लागलं. जुलाब आवरेनात, रक्तपेशी ढासळल्या, लघवीच्या पिशवीतून रक्त जायला लागलं. दवाखान्यात, तोलून, तज्ज्ञांच्या डोळ्यांदेखत दिलेल्या शुद्ध द्रव्याची ही गत. पुढं वीस-पंचवीस वर्षं रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा रेणू बदलून बदलून दोन औषधं हाती आणली, टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन. १९९६ मध्ये अमेरिकेत दोन्हींना मान्यता मिळाली. टोपोटेकॅन बीजकोशाच्या आणि पुढं फुप्फुसाच्याही एका प्रकारच्या कॅन्सरला, इरिनोटेकॅन मोठ्या आतड्याच्या.

आता काकांच्या फायलीतला केमोचा कागद काढून बघा. त्यावर इरिनोटेकॅन हे नाव असू शकेल. आतड्याच्या कॅन्सरला ते नेहमीच्या वापरातलं औषध आहे. तसं असेल तर नरक्याच्याच घराण्याचं औषध काकांना मिळतंय, उंची-वजनावरून मिलिग्रॅममध्ये मोजून, किती दिवसांनी पुढचं द्यायचं ते ठरवून. त्याच्यावर घरातून पातेलंभर काढा ओतायचा म्हणजे त्या मोजमापाचा चुथडा करायचा. आणि कागदावर ते नाव नसलं तरी केमोच्या बहुतेक औषधांचा मार त्याच मगजावर आणि त्याच आतड्यावर असतो.

काढ्यात काय उतरतं हेही सांगता येत नाही. हे द्रव्य पाण्यात फारसं विरघळत नाही. शिवाय एका झाडात त्याचं प्रमाण जेवढं असतं त्याच्या कित्येक पट शेजारच्या झाडात असतं. मुळात वेगळं, खोडात वेगळं, पानात वेगळं. म्हणजे आज दिलेला कप निव्वळ कडू पाणी असेल आणि उद्याचा आतडी सोलून काढणारा असेल. माझ्या ओळखीच्या एका घरी केमो चालू असताना आठवडाभर सालीचं पाणी दिलं होतं. पेशंटला हगवण लागली, पेशी उतरल्या, पुढची केमो लांबली. डॉक्टर औषधाला दोष देत राहिले, कारण सालीचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तो लांबलेला महिना त्या माणसाला महागात पडला. तेव्हापासून या प्रश्नाला मी गोड बोलून उत्तर देत नाही.

नावाचा घोळ इथं जिवावर बेतू शकतो, तो नीट समजून घ्या. नरक्याला आपल्याकडे काही ठिकाणी 'अमृता' म्हणतात. आयुर्वेदात अमृता म्हणजे गुळवेल. गुळवेलीचा काढा घराघरांत होतो, त्यामुळे 'अमृतेचा काढा' म्हटलं की कुणाला काही वावगं वाटत नाही. एकानं मनात गुळवेल धरून सांगायचं, दुसऱ्यानं रानातून नरक्या तोडून आणायचा, असं होतं. गुळवेल वेल आहे, आंब्यावर-कडुलिंबावर चढते, पान बदामाच्या आकाराचं, खोड कापलं तर चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. नरक्या सरळ उभा राहणारं झुडूप, फार तर लहान झाड. दुसरं नाव घाणेरा. त्यामुळे घाणेरीशी गफलत होते, रस्त्याकडेला तांबडी-पिवळी फुलं येणारी ती काटेरी घाणेरी. तिचा याच्याशी काही संबंध नाही. कन्नडमध्येही याला 'दुर्वासने मर'च म्हणतात, म्हणजे सगळ्यांनी नाव ठेवलंय ते वासावरून.

वरच्या रानात आहे तो नरक्याच का, हे आधी ठरवा. दोन-तीन पुरुष उंच, क्वचित जास्त. खोडाची साल राखाडी. पानं फांद्यांच्या टोकाकडे दाटीनं, एकाआड एक, हाताच्या पंजाएवढी, देठ लांब. पान उलटून देठापाशी बघा, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू सारख्या सुरू होत नाहीत, एक बाजू जरा खाली उतरलेली असते. हा तिरपेपणा मी पोरांना पहिल्यांदा दाखवतो. मग फांदी बघा, पानं गळून गेलेल्या जागी ठळक वण दिसतात. शेवटी पान चुरडून नाकाशी न्या. तो वास एकदा घेतला की परत विसरत नाही. दोडका कुजल्यासारखा म्हणा, ओलं गोणपाट कोपऱ्यात राहिल्यासारखं म्हणा. हात साबणानं धुतले तरी भाकरीचा घास तोंडाशी नेताना परत येतो.

फुलं भर पावसात येतात, जुलै-ऑगस्टला. त्या दिवसांत कणकुंबीकडे समोरचा माणूस दिसत नाही इतकं धुकं असतं, आणि नरक्या दिसायच्या आधी नाकाला कळतो. फांदीच्या टोकाला पिवळसर पांढऱ्या बारीक फुलांचा झुपका. एक फूल तळहातावर घेऊन भिंगातून बघा. पाच पाकळ्या, टोकं मागं वळलेली, आणि आतल्या बाजूला मऊ पांढरी लव, जणू कुणी मखमल लावून ठेवली आहे. एवढं देखणं फूल आणि वास असा. पण त्या वासावर माश्या येतात, त्यांच्या पायांनी पराग हिंडतो, आणि पावसात जिथं मधमाशी बाहेर पडायला धजत नाही तिथं याचं काम होऊन जातं. गणपती उलटले की हिरवी लांबट फळं धरतात, दसरा-दिवाळीच्या सुमाराला जांभळी, मग काळपट. जांभळाच्या लहान भावासारखी. आत एकच बी. पाखरं फळ खाऊन बी लांब टाकतात.

प्रत्येक झाडाला फळ येत नाही हेही लक्षात ठेवा. काही झाडांवर फक्त नरफुलं येतात. रानात दहा झाडं उरली असतील आणि त्यातली चांगली फळणारी चार कुणी खणून नेली, तर उरलेली सहा नुसती उभी राहतात. बाहेरून रान हिरवं दिसतं, पण खाली एक नवं रोप नसतं. नरक्या संपतो तो असा. दिसत असतो तेव्हाच संपलेला असतो.

संपायची वेळ का आली, ते हिशेबानं सांगतो. वाळलेल्या लाकडात हे द्रव्य ढोबळमानानं हजारात एक ते तीन भाग. म्हणजे एक किलो शुद्ध द्रव्य हवं असेल तर तीनशे-चारशे किलोपासून टनभर वाळलेला माल लागतो. ओल्या मालाचं वजन त्याहून पुष्कळ जास्त. आणि मुळात प्रमाण जास्त म्हणून मागणी मुळाची. एक झाड तोडलं तर बुंध्याला परत फुटवे येतात, नरक्याचा हा मोठा गुण आहे. पण मूळ काढलं की खेळ खलास.

माझ्याकडेही एकदा माणूस आला होता. तेव्हा मी गोळा करणाऱ्यांत होतो. तो म्हणाला, जे लाकूड तुम्ही सरपणालासुद्धा आणत नाही त्याचे पैसे देतो. आम्ही चौघं जण पहारी आणि कुदळी घेऊन आठ-दहा दिवस रानात होतो. जांभ्याच्या भेगेतून मूळ काढायला एकेका झाडाला अर्धा दिवस जायचा. मुळं तासून, कापून, खळ्यावर वाळत घातली. वाळली की ढलप्या खाली मान घालून बसलेल्या घुबडाच्या पिसांसारख्या पिवळट-करड्या दिसायच्या. पोती भरली, रात्री गाडी आली. कशासाठी नेतात ते त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. दोन पावसाळ्यांनी त्याच ओहोळाला गेलो तर आम्ही केलेल्या खड्ड्यांत पाणी साठून बेडक्या ओरडत होत्या. एकाही खड्ड्याच्या कडेला नरक्याचा कोंभ नव्हता. मी तिथं बराच वेळ उभा होतो. रोपवाटिका सुरू करायचं डोक्यात आलं ते त्या दिवशी.

आपला भाग तीन राज्यांच्या सांध्यावर. एका बाजूला महाराष्ट्रातलं चंदगड, दुसऱ्या बाजूला चोर्ला घाट उतरलं की गोवा. इकडं तोडलेला माल रातोरात तिकडं जातो, आणि तिकडचा इकडून. म्हणून एकाच राज्यानं कडक व्हायचं ठरवलं तरी पुरत नाही. भीमगडचं अभयारण्य २०११ मध्ये झालं, त्या हद्दीत तरी बऱ्यापैकी आळा बसला. पण नरक्या फक्त अभयारण्यात उगवत नाही. तुमच्यासारख्यांच्या मालकीच्या वरच्या रानात, बांधाला, देवराईच्या कडेला तो आहे, आणि डोळा त्याच्यावर आहे. देवराईत मात्र मी अजून जुनी, मांडीएवढ्या खोडाची झाडं बघतो. देवाचं म्हणून कुणी कोयता लावलेला नाही. आजूबाजूच्या रानाला बी पुरवतात ती हीच.

व्यापाऱ्याला काय सांगायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. नाही म्हणा. मालकीची जमीन असली म्हणजे त्यातलं रानझाड तोडून गाडीत घालायची मोकळीक असते, असं नाही. वनोपज हलवायला खात्याचा परवाना लागतो, आणि तो नसताना माल सापडला तर व्यापारी निसटतो, जमीनवाला गुंततो. जैविक विविधता कायदा २००२ चा आहे, त्याप्रमाणे असा माल धंद्यासाठी नेणाऱ्यानं राज्याच्या जैवविविधता मंडळाला आधी कळवायचं असतं आणि लाभातला वाटा गावाकडे यायचा असतो. तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असणार. तिची नोंदवही काढायला लावा आणि तुमच्या शिवारातला नरक्या तिच्यात लिहून घ्या. ही नुसती कागदाची गोष्ट नव्हे. एकदा नाव चढलं की 'इथं असलं झाड नव्हतंच' असं म्हणायची सोय राहत नाही. दारात आलेल्या माणसाला तुम्ही फक्त "परवाना दाखवा" एवढंच विचारा. माझ्या अनुभवात निम्मे तिथंच गाडी वळवतात.

मग याचा उपयोग तोडल्याशिवाय होणारच नाही का? होतो. वाणी आणि वॉल यांचंच दुसरं उदाहरण घ्या. टॅक्सॉल हे कॅन्सरचं आणखी एक मोठं औषध, त्याचाही शोध या दोघांचाच, १९७१ चा. तेही एका झाडाच्या सालीतून, अमेरिकेतल्या यू नावाच्या, अत्यंत सावकाश वाढणाऱ्या झाडाच्या. साल काढली की झाड मरायचं, आणि औषधासाठी झाडं संपायची वेळ आली होती. मग युरोपातल्या त्याच्या भाऊबंद झाडाच्या पानांतून मूळ द्रव्य काढून त्याचं औषध करायची रीत बसली. पानं परत येतात. नरक्याचंही असं व्हायला हवं, आणि होऊ शकतं. फळं झाल्यावर फांद्या छाटून घेतल्या, बुंधा गुडघाभर ठेवला, तर तो दोन-तीन वर्षांत परत भरतो. लागवडीतलं लाकूड, छाटणीचा माल, परवान्यानं, मुळाला हात न लावता. एवढंच कशाला, नरक्याच्या सालीच्या आत राहणारी एक बुरशी स्वतःच कॅम्प्टोथेसिन बनवते असं २००५ मध्ये आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यातून कारखान्यात औषध करण्याइतकं उत्पन्न निघणं ही लांबची वाट आहे. पण त्या बुरशीचा शोध लागला तो झाड रानात उभं होतं म्हणून. सगळी मुळं पोत्यात गेली असती तर तीही गेली असती.

घरगुती उपयोग विचाराल तर माझ्याकडे सांगण्यासारखा एकही नाही. जुन्या माणसांना मी खूप विचारलं. गवळीवाड्यावरच्या एका आजीनं मला सरळ सांगितलं, "चुलीत बी घालू नये असलं लाकूड, धूर डोक्यात जातोय. त्येला रानातच ऱ्हाऊ द्या." मला त्या आजीचा हा सल्ला सगळ्या ऐकीव काढ्यांपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

आता लावायचं कसं. तुम्ही हे स्वतःहून विचारलंत त्याचा मला फार आनंद झाला, म्हणून इथं हात राखून सांगत नाही.

या पावसाळ्यात फुलं असताना झाडं हेरा. जवळ जाऊन फूल बघा, आणि ज्या झाडांना फळ धरेल त्यांना सुतळीची खूण करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फळं काळपट जांभळी झाली की खाली फडकं पसरून फांदी हलवा. पिकलेली तेवढी पडतील. हिरवी ओरबाडू नका. एकाच झाडाचं सगळं बी घेऊ नका. चार-पाच झाडांचं थोडंथोडं घ्या आणि निम्म्याहून जास्त फळं पाखरांना ठेवा. वेगवेगळ्या झाडांचं बी असलं म्हणजे पुढं नर-मादी दोन्ही रोपं मिळतात.

फळं पाण्यात कुस्करून गर धुऊन काढा. हात वास मारतील, त्याला इलाज नाही. बी सावलीत एखादा दिवस पसरा, उन्हात अजिबात नको. इथं बहुतेक लोक चुकतात. भाताच्या बियाण्यासारखं कणगीत ठेवून जूनला पेरतात, आणि मग म्हणतात नरक्या उगवतच नाही. तो ताजा पेरला तरच उगवतो. धुतल्यापासून आठ-दहा दिवसांच्या आत मातीत जायला हवं. वाळू, रानातली पालापाचोळ्याची माती आणि जुनं शेणखत सारख्या मापानं घ्या, बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल टोचा, वर पातळ पाचोळा. मी काही बियांचं वरचं टणक कवच नखानं अलगद चिरून टाकतो, ती लवकर येतात. पण आतल्या बियाला इजा झाली तर कुजते, म्हणून पहिल्या वर्षी तुम्ही तसंच पेरा. झारीनं पाणी, ओल राहील इतकंच. महिना झाला, काही दिसत नाही म्हणून वाफा उपसू नका. माझ्याकडे दीड-दोन महिन्यांनीही कोंभ आलेले आहेत. शंभरातली निम्मी आली तर चांगलं साल म्हणायचं.

चार पानं आली की पिशवीत घ्या, सोटमूळ वाकडं होऊ देऊ नका. पहिला उन्हाळा झाडाच्या किंवा जाळीच्या सावलीत काढा. रोप फार सावकाश वाढतं, त्याचा धीर धरावा लागतो. ते एका वर्षाचं होऊन जरा दणकट झालं की मग पावसाळ्याच्या तोंडाला जमिनीत घाला. जागा अशी निवडा: डोंगरउतार, जांभ्याची तांबडी माती, पाणी वाहून जाणारं, आणि दुपारचं ऊन तोडणारं एखादं जांभूळ, फणस किंवा काजूची बाग शेजारी. काजूच्या बागेच्या वरच्या कडेला माझी झाडं सगळ्यांत छान आली आहेत. खाचरात किंवा पाणी साठणाऱ्या खळग्यात लावू नका, मूळ कुजतं. दोन झाडांत आठ-दहा फूट. पहिली दोन वर्षं गुरांपासून आणि वणव्यापासून राखा. फेब्रुवारीत भोवतीचं गवत कापून घेतलं की अर्धं काम झालं. कलमाच्या काड्याही लागतात, मुळं फुटायची पावडर लावून. पण माझ्याकडे त्यांचं यश कमी, आणि एकाच झाडाच्या काड्यांचं सगळं रान एकाच जातीचं होतं. बीच बरं.

एकरभर लावा आणि श्रीमंत व्हा, असं मी सांगणार नाही. तसं सांगणारा कुणी रोपं विकायला आला तर त्याच्याकडून घेऊही नका. नरक्याला ऊस-काजूसारखी उघडी पेठ नाही. लेखी करार करणारा, परवान्यानं माल उचलणारा खरेदीदार हातात नसेल तर लागवड उत्पन्नासाठी करू नका. बांधाला, रानाच्या कडेला वीस-पंचवीस रोपं लावा. ती जगली तर तुमच्या शिवारात बियांची झाडं झाली, आणि पुढं कधी रीतसर बाजार उभा राहिला तर तुम्ही तयार असाल.

झाड ओळखण्यात शंका असेल तर फुलाफळासकट एक लहान फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवा आणि बेळगावला न्या. नेहरूनगरला आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, पारंपरिक औषधांवर काम करणारी संस्था आहे, तिथल्या लोकांनी नरक्यातल्या याच द्रव्यावर काम केलेलं आहे. कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकही ओळखून देतील. शास्त्रीय नाव नोथापोडाइटिस निमोनियाना. त्यातलं 'निमो' हे जोसेफ निमो यांचं नाव. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची पहिली मोठी यादी १८३९ मध्ये जॉन ग्रॅहम यांनी केली, ते मध्येच वारले तेव्हा ती पुरी करणारे हेच निमो. जुन्या पुस्तकांत मॅपिया फीटिडा असं नाव सापडेल, झाड तेच.

काकांच्या पुढच्या केमोच्या वेळी तो कागद डॉक्टरांना दाखवा आणि खाण्यापिण्याचं, उलटी-जुलाबाचं काय करायचं ते तिथंच विचारून घ्या. घरातल्या बायामाणसांनाही सांगून ठेवा, कारण काढा बहुतेक वेळा आपल्या पाठीमागं, मायेपोटी दिला जातो. आणि दिवाळीच्या आधी फळं पिकायला लागली की कळवा. मी जांबोटीहून येईन, पहिल्या वर्षीचं बी आपण दोघं मिळून पेरू.